खानाचे बूट

“बुवा, बादशहांचा चेहरा कसा आहे हो? गोल की लांबट?”

हुईजानबुवा मठाच्या ओसरीवर मुळे सोलत बसले होते. विचारणारा काही रस्त्यावरचा वाटसरू नव्हता. तो होता लू शेनवेई, चीनच्या बादशहाचा दूत. लहानपणी बुवांच्याच हाताखाली अक्षरं गिरवली, आणि पुढे बावीस वर्षं दरबारात उभा.

“रोज त्याच्यापुढे तू असतोस, आणि विचारतोस मला?”

“बादशहांच्या आजारपणात तुम्ही त्यांच्या उशाशी बसून पाठ वाचलेत. आम्हाला कुठलं ते भाग्य?” लूने हातातली लांबट हस्तिदंती पट्टी दाखवली. “दरबारात ही नाकासमोर धरायची आणि हिच्याकडेच बघायचं. नजर वर गेली की नोकरी गेली. कधी मुंडकंही. मला ठाऊक ते त्यांचे जोडे.”

“मग आजच काय अडलं?”

“उत्तरेच्या खानाने तहाची सगळी कलमं मानली. शिक्का उचलला, आणि म्हणाला, ज्याच्या शब्दावर मी घोडदळ मागे घेणार, तो माणूस दिसतो कसा ते सांग. ...माझ्या तोंडाला कुलूप. शिक्का तसाच खाली ठेवला त्याने. परवा मला पुन्हा जायचंय. या खेपेला जमलं नाही, तर सरहद्दीवरची गावं जळतील, बुवा.”

बुवांनी मुळा खाली ठेवला.

“आणि खान? तो कसा आहे दिसायला?”

“बूट घोड्याच्या कातड्याचे. तांबड्या दोऱ्याची शिवण. डावी टाच झिजलेली...”

“बुटांच्या वर?”

लू हातातल्या पट्टीकडे बघू लागला.

“तीन दिवस समोर होतास ना रे?”

“पट्टी धरली होती.” लूची मान जरा ताठ झाली. “परमुलखात गेलो म्हणून काय झालं? आपल्या दरबाराची रीत एक क्षण सोडली नाही मी.”

बुवांनी हात पुढे केला. लूने पट्टी दिली.

बुवांनी ती मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर मुळा ठेवला आणि सुरीने सावकाश चकत्या केल्या. चकत्या हंडीत लोटल्या. मग दुसरा मुळा घेतला. पट्टी काही परत दिली नाही.

लूने रिकाम्या हातांचं काय करावं ते न सुचून ते बाह्यांत खुपसले.

“पण बुवा, बादशहांचा चेहरा विचारला, तर सांगू काय?”

“आधी बघ तरी, विचारतोय कोण.”