कानशीने पाडलेले दाते

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तिथला राजा एका बाबतीत भारी हट्टी होता. लढणाऱ्याला मारलं तर ते युद्ध. पण शरण आलेल्याला किंवा नि:शस्त्राला मारलं तर तो खून, मग मारणारा शत्रूचा असो की आपला, असा त्याचा कायदा होता.

पण खुनी ओळखायचा कसा? त्यासाठी राजाकडे एक म्हातारा शिकलगार होता. तलवारींना धार लावण्यात त्याचा जन्म गेला होता. तलवार तलवारीवर आदळली, की पात्याला दाते पडतात. नि:शस्त्र माणसांवर चाललेलं पातं रक्ताने माखतं, पण धार गुळगुळीतच राहते. म्हातारा पात्यावरून नुसता अंगठा फिरवून खरं काय ते सांगायचा. त्याच्या शब्दावर शत्रूचे सात सैनिक फासावर गेले, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

मग एके दिवशी नदीपलीकडच्या विणकरांच्या वाडीतून एक म्हातारी दरबारात आली. वाडीने शरणागती पत्करली होती, तरी याच राजाच्या पाच स्वारांनी ती कापून काढली होती. म्हातारी शेळ्यांमागे टेकडीवर होती म्हणून वाचली. तिला स्वार दिसले, पण पाठमोरे. नदीकाठच्या तुकडीच्या सगळ्या तलवारी उद्या शिकलगारापुढे ठेवा, असा राजाने हुकूम सोडला.

त्याच दुपारी शिकलगाराचा जावई, त्याच तुकडीतला स्वार, चार सोबत्यांना घेऊन घरी आला. पाच तलवारी त्याने घोंगडीत गुंडाळून आणल्या होत्या. म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. मुठीपर्यंत रक्त वाळलेलं होतं आणि पाचही धारा गुळगुळीत होत्या.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "तुमच्या लेकीचं कुंकू तुमच्या हातात आहे."

आत लेक डोहाळजेवणाचे तांदूळ निवडत होती. म्हातारा दरबारात जायला दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. शेवटी त्याने लोखंड घासायची कानस उचलली आणि पाचही पात्यांना दाते पाडले.

दुसऱ्या दिवशी त्याने भर दरबारात शपथेवर सांगितलं, की या सगळ्या तलवारी लढाईतल्याच आहेत. म्हातारी भांडली नाही, रडली नाही.

तिने एवढंच विचारलं, "भाऊ, नीट बघितलंत ना?"

"बघितलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

त्या दिवसापासून कुणी दाराची कडी वाजवली, तरी राजाचे शिपाईच आले असं त्याला वाटायचं. नात झाली, चालायला लागली, तरी तिला मांडीवर घेताना त्याला ती वाडी आठवायची. बिचाऱ्याला भीती होती ती राजाची. खरं संकट मात्र दुसऱ्याच वाटेने येत होतं. जावयाच्या एका सोबत्याने दारूच्या नशेत कानशीची युक्ती सांगून टाकली होती, आणि ती या तोंडून त्या तोंडी सीमेपार पोहोचली होती.

चौथ्या वर्षी पुन्हा युद्ध पेटलं. सैन्य दूर असताना शत्रूची एक टोळी शिकलगाराच्या गावात शिरली. पाहणारं कुणी जिवंत राहिलं नाही. त्या दिवशी तो छावणीत धार लावत होता, म्हणून तेवढा वाचला. लेक आणि नात त्याला घरातच सापडल्या.

टोळी सीमेवर पकडली गेली. तलवारी समोर आल्या. म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. प्रत्येक पात्याला दाते होते. सरळ, एकसारखे.

"महाराज, हे दाते खोटे आहेत. कानशीने पाडलेत."

"तुला कसं कळलं?" राजाने विचारलं.

राजाच्या मागे उभा असलेला जावई मानेनेच नको नको म्हणत होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"कारण असे पहिले दाते मीच पाडले होते."

त्याने पाचही नावं सांगितली, जावयाच्या एका सोबत्याने कबुली दिली आणि पाचांनाही तिथेच बेड्या पडल्या.

"तू शपथेवर खोटं बोललास," राजा म्हाताऱ्याला म्हणाला. "आता तुझ्या शब्दावर मी कुणाचा जीव घेऊ?"

दुसरा पुरावा नव्हता. लढाईतले कैदी म्हणून टोळी अदलाबदलीत सुटली. जाताना त्यातल्या एकाने म्हाताऱ्यापुढे थांबून हात जोडले आणि तो हसत निघून गेला.

तात्पर्य: आपल्या माणसाचा गुन्हा झाकण्यासाठी न्यायाची कसोटी खोटी केली, तर आपल्यावर अन्याय होतो तेव्हा तीच कसोटी आपल्या उपयोगी पडत नाही.