जीप पुढं, संग्राम मागं

“मग सांगा ना बाई, यंदा पुरी होईल का नाही?”

चौगुले बाई डाळिंब सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय पुरी होईल?”

“शर्यत हो. परदेशातली. फोनवर सांगितलं होतं की तुम्हाला.”

“मला काय विचारतोस? दमणार तू.”

विचारणारा संग्राम मगदूम, माझा मामेभाऊ. मिरजेत त्याचं फरश्यांचं दुकान आहे. पंचेचाळिशी उलटली, पण लग्नाच्या पंगतीतसुद्धा सगळ्यांच्या आधी जेवून उठला की त्याला जिंकल्यासारखं वाटतं. बाई आमच्या शाळेतल्या पीटीच्या शिक्षिका. तरुणपणी सायकलच्या शर्यती मारलेल्या. आम्हा दोघांना पोहायला त्यांनीच शिकवलं, म्हणजे विहिरीत ढकलून दिलं आणि काठावर बसून राहिल्या.

रिटायर झाल्यावर त्या ढालगावच्या अलीकडं, माळावर, भावाच्या डाळिंबाच्या बागेत राहायला आल्या. त्या माळावर वारा म्हणून कधी थांबत नाही. नाहीतर एवढ्या पवनचक्क्या कोण कशाला उभ्या करतंय तिथं!

आणि ही शर्यत म्हणजे साधीसुधी नव्हे. आधी तळ्यात चार किलोमीटर पोहायचं. मग मिरजेहून सोलापूर गाठावं एवढी सायकल मारायची. एवढं करून जीव उरलाच तर मॅरेथॉन पळायची. सगळं एकाच दिवसात. मला तर ऐकूनच गुडघे दुखतात.

गेल्या वर्षी हा गेला होता ऑस्ट्रियाला. पोहून झकास बाहेर आला. सायकल निम्मी झाली आणि समोरून वारा सुटला. ठरलेल्या वेळेत सायकल संपली नाही की तिकडं पळूच देत नाहीत. हा पोचला तेव्हा फाटक बंद झालं होतं. एका गोऱ्या बाईनं अगदी गोड हसून याच्या घोट्याचा वेळ मोजायचा पट्टा सोडून घेतला, आणि खेळ खल्लास.

इकडं आमच्या चौकात फ्लेक्स लागलेला. ‘मिरजेचा वाघ निघाला परदेशी’, आणि खाली शुभेच्छुकांची ही भली मोठी पलटण. वाघ परत आला तरी फ्लेक्स तसाच. शेवटी भर दुपारी हा स्वतः शिडी घेऊन चढला आणि सोडवून आणला. तेव्हापासून त्या चौकातनं जात नाही, रेल्वे स्टेशनला वळसा घालून दुकानात जातो.

पण हार मानणाऱ्यातला नव्हे. दोष सायकलचा, असं त्यानं ठरवलं. आणि या शर्यतीची म्हणून जी खास सायकल येते ती मागवली.

तीच त्यानं आता बाईंच्या अंगणात आणून उभी केली होती. हँडलच्या पुढं बैलासारखी दोन शिंगं. मागचं चाक ताटासारखं बंद, तारा दिसतच नाहीत.

बाईंनी पदराला हात पुसले. सायकलीभोवती एक फेरी मारली.

“ही शिंगं कशाला?”

“त्यांच्यावर कोपरं टेकून आडवं व्हायचं. वाऱ्याला अंगच मिळत नाही मग.”

“आणि ब्रेक?”

“ते बाजूला. आडवं झालं की हात ब्रेकपर्यंत पोचत नाहीत.”

“म्हणजे थांबायचा बेत नाही.”

“अजिबात नाही!”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि परत डाळिंबाकडं वळल्या.

संग्राम त्यांच्यासमोर खाली बसला. त्याचा आवाज एकदम उतरला.

“बाई, नाव द्यायची मुदत संपत आलीय. घरात म्हणतात, झालं तेवढं पुरे, लोक हसतात. तुम्ही हो म्हणालात तर नाव देतो. नाही म्हणालात तर ही सायकल आजच विकून टाकतो. तुमचा शब्द शेवटचा.”

“वा! म्हणजे बुडालास तर माझ्यामुळं.”

“तसं नाही बाई...”

“मग कसं?”

  डाळिंबाचे दाणे तेवढे पातेल्यात पडत होते.

मग त्यानं खिशातनं मोबाईल काढला आणि आपले आकडे वाचायला सुरुवात केली. या रविवारी किती वेगानं गेला, त्या रविवारी किती. ऐकणाऱ्याला वाटावं, विमान आहे का काय! बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं.

“दिगंबर, तू काय करतोस रे याच्याबरोबर?”

“जीप चालवतो बाई. केळी, पाणी, पंक्चरचं सामान असतं माझ्याकडं.”

“जीप कुठं असते?”

“पुढं.”

“याच्या पुढं?”

“हो... म्हणजे कुत्री असतात हो रस्त्यात. म्हशी आडव्या येतात. मी हॉर्न मारत पुढं जातो, हा मागनं येतो.”

“किती मागनं?”

मी संग्रामकडं बघितलं. संग्रामनं सायकलीच्या चाकाकडं बघितलं. एवढ्या रविवारांत हा प्रश्न आम्हा दोघांनाही कुणी विचारला नव्हता, आणि आम्हालाही पडला नव्हता.

“जवळच,” मी म्हणालो.

बाई उठल्या.

“जीप इथंच राहू दे. संग्राम, हा रस्ता सरळ शेवटच्या पवनचक्कीपर्यंत जातो. जाऊन ये. दिगंबर, माझी स्कूटी काढ. मी मागं बसते. याच्या मागनं चल, आणि हॉर्नला हात लावशील तर बघ!”

निघालो. वारा समोरून. स्कूटीसुद्धा कण्हायला लागली, त्यात माझं वजन काय सांगू तुम्हाला! संग्राम शिंगांवर आडवा झाला, टोकदार टोपी खाली घातली, आणि सुरुवातीला असा सुटला की मी मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या!

थोडं पुढं गेल्यावर त्याची शाबासकी संपली. खांदे हलायला लागले. एकदा कोपरं उचलली, परत टेकली. एकदा मागं वळून बघितलं. जीप शोधत होता बहुतेक.

तेवढ्यात शेताच्या वाटेनं उसाची डबल ट्रॉली रस्त्यावर आली. गच्च भरलेली, गाणी लावलेली. ट्रॅक्टर धूर सोडत पुढं लागला. आणि बघता बघता आमचा संग्राम त्या ट्रॉलीच्या मागं जाऊन चिकटला.

काय सरळ झाला हो लगेच! पाय कसे गरागरा फिरायला लागले. मान खाली, नजर हँडलवरच्या वेग दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर. उसाची पानं टोपीला लागत होती, पण त्याचं लक्षच नव्हतं.

“बाई, गाडी पकडली की हो त्यानं,” मी म्हणालो.



पुढं कारखान्याचा फाटा आला. पवनचक्कीचा रस्ता सरळ, कारखान्याचा उजवीकडं. ट्रॉली उजवीकडं वळली.

संग्रामपण वळला.

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि माझ्या खांद्यात बाईंची बोटं रुतली. शाळेत रुतायची तशीच.

“गप.”

“अहो बाई, तो कारखान्यावर चालला!”

“जाऊ दे. वजनकाट्यावर थांबवतील.”

स्कूटी फाट्यावर लावून आम्ही उभे राहिलो. मला एकीकडं हसू येत होतं आणि एकीकडं त्याची कणव येत होती. एवढा घाम गाळणारा माणूस, रविवारची झोप कधी बघितली नाही त्यानं. बाई बाभळीच्या झाडाला टेकून वारा खात होत्या.

बऱ्याच वेळानं संग्राम परत आला. टोपीत उसाचं पाचट अडकलेलं. तोंड लालेलाल.

“तुम्हाला दिसत नव्हतं का? एक हाक मारायला काय झालं होतं?”

“तुला रस्ता दिसत नव्हता?” बाईंनी विचारलं.

“कसा दिसणार? मी ट्रॉलीच्या मागं...”

तो थांबला.

“...मागं होतो.”



“तिकडं शर्यतीत चालतं हे?” बाईंनी विचारलं.

“नाही. पुढच्यापासून लांब राहावं लागतं. कुणाच्या आडोशाला वारा चुकवताना सापडलं की शिक्षा करतात, बाजूला थांबवून ठेवतात.” त्याचा आवाज बारीक झाला. “पण बाई, देवाशप्पथ, मी मुद्दाम नाही शिरलो. कधी शिरलो तेच कळलं नाही.”

“हं.”

“जीपच्या मागंपण...”

मी पवनचक्कीकडं बघायला लागलो. तिचं पातं मोठं छान फिरत होतं.

संग्रामनं टोपीतलं पाचट काढलं, हातात धरून बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

“गेल्या वर्षीची सायकल चांगली होती.”

“ही पण चांगली आहे,” बाई म्हणाल्या. “ऊन वाढायच्या आत निघ, पवनचक्की राहिलीय अजून.”

“बरं. तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.”

बाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

माणूस वरपासून खालपर्यंत ओशाळतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं. त्यानं टोपी घातली, पट्टा आवळला.

“नाही... मीच जातो पुढं.”

आणि गेला.

आम्ही स्कूटीवरनं शेतातल्या आडवाटेनं शेवटच्या पवनचक्कीखाली जाऊन थांबलो. रस्ता लांबवर उघडा पडलेला. ना झाड, ना भिंत. कितीतरी वेळानं एक ठिपका दिसला. इतका सावकाश येत होता की मला राहवेना.

“बाई, कुणी गुराखी असेल.”

“गुराखी असा आडवा होत नाही.”

तोच होता. मध्येच वाऱ्याचा असा झपाटा यायचा की सायकल जागच्या जागी थांबेल असं वाटावं. तो कोपरं उचलायचा, काहीतरी पुटपुटायचा, बहुतेक शिव्याच, आणि परत आडवा व्हायचा. एक रिकामी ट्रॉली त्याला मागं टाकून पुढं निघाली. आता शिरतोय बघा, मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. ट्रॉलीकडं बघितलं. आणि पाय थांबवले. ट्रॉली लांब जाईपर्यंत थांबवले! मग परत मारायला लागला, एकटा.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाऱ्यानं आलं असं मी बाईंना सांगितलं.

तो पोचला. उतरला तो सायकल धरूनच उभा राहिला. ओठ धुळीनं पांढरे झालेले.

“लई हळू आलो,” तो म्हणाला.

बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. तो प्याला, निम्मं डोक्यावर ओतलं.

“हा वेग राहिला तर फाटक परत बंद होणार, बाई.”

“होईल.”

“मग अजून सहा महिने आहेत.” त्यानं रस्त्याकडं बघितलं, जिकडनं आला तिकडं नाही, पुढं. “दिग्या, आतापासून जीप आणू नकोस. मी इथंच येत जाईन, दर रविवारी पहाटे.”

“म्हशी?” मी म्हणालो.

“म्हशींचं मी बघतो.”

“आणि नाव? द्यायचं का नाही? बाईंना विचारलंस ना मघाशी...”

“देणार,” तो म्हणाला. बाईंकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. “फाटक बंद झालं तरी चालेल. परत शिडी लावून फ्लेक्स काढावा लागला तरी चालेल. मी जाणार.”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. एवढी वर्षं त्यांना मी ओळखतो, त्या खूश होत्या.

संग्रामनं सायकल माझ्याकडं दिली, आणि तो बाईंच्या पाया पडायला वाकला.

बाई वाऱ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. लुगड्याचा पदर त्यांनी अंगाभोवती घट्ट घेतला होता. त्यांच्या पायांशी, त्यांच्या आडोशाला वाकल्यावर त्याला पहिल्यांदाच जरा निवांत वाटलं असावं, कारण तो वाकला तो तसाच राहिला, डोळे मिटून, डोकं खाली घालून.

बाई दोन पावलं बाजूला सरकल्या.

धुळीचा लोट थेट त्याच्या तोंडावर आला. हात जमिनीला टेकून त्यानं मान वर केली. समोर कुणीच नव्हतं. उघडा माळ, आणि वारा.

“बाई...?”

“हां,” बाजूला उभ्या राहून बाई म्हणाल्या. “आता कर नमस्कार.”