आवडू सुईणीचा साकव

फार वर्षांपूर्वी, माझ्या आजीच्या आजीचंही लग्न व्हायचं होतं तेव्हा, आमच्या गावात आवडू सुईण राहायची. गावामधून पऱ्ह्या वाहतो ना, त्याच्या अलीकडे तिचं घर आणि पलीकडे अर्धं गाव. उन्हाळ्यात पऱ्ह्यात घोटाभर पाणी. पण आषाढात असा फुगायचा की पलीकडचं माणूस परदेशी व्हायचं.

त्यावर साकव, म्हणजे लहानसा पूल बांधायचा, हे सगळ्यांना पटलेलं. दरवर्षी शिमगा झाला की गाव काठावर जमायचं. गुरव गाऱ्हाणं घालायचा, "उद्यापासून कामाला हात लावतो गे माये," आणि नारळ फोडायचा. खोबरं वाटायचं, गूळ वाटायचा, की सगळे घरी. मग आंबे उतरायचे, मग घरं शाकारायची, मग लावणी. असं म्हणतात, चाळीस नारळ फुटले आणि दगड एकही हलला नाही.

त्या वर्षी आवडूची लेक बयो आषाढात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी व्हायचं, आणि सासर पलीकडे. पहिल्या वेळी बयो मरता मरता वाचलेली. म्हणून गुरवानं नारळ उचलला तसा आवडूनं तो हातातून काढूनच घेतला.

"हा आज फुटायचा नाही. मी कोरड्या पायांनी पलीकडे गेले की फोडा."

"आणि खोबरं गे, आवडूआये?" सदू गावकर म्हणाला.

"खोबऱ्यासाठीच जमता काय रे मेल्यांनो?"

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी चिरे वाहू लागली. डोक्यावर चिरा आणि तोंडानं हाळी. गावातलं प्रत्येक माणूस तिच्याच हातात जन्मलेलं. ती एकेका चिऱ्याला एकेकाचं नाव द्यायची. "हा बघा सदू गावकराचा! जन्मला तेव्हा रडेना, पाय धरून उलटा टांगला आणि ढुंगणावर दोन दिल्या!"

सदू गावकर धोतर सावरत धावत आला. "आये, हळू! सुना ऐकतात!"

"मग तू उचल तुझा. मी गप्प बसते."

त्यानं उचलला. मग गुरव आला, तो पायाळू निघालेला. मग ज्याला त्याला घाई झाली. आपलं नाव पुकारायच्या आत आपला चिरा काठावर पोचवायचा! आंबे झाडावरच पिकून पडले, पण खांब उभे राहिले.

मृग लागला. असं म्हणतात, ढग डोंगरमाथ्यावर येऊन तीन दिवस नुसते थांबले, आवडूकडे बघत. राहिली होती फक्त वरची लांब शिळा. वीस गडी लागले, शिळा तसूभर हलेना. तेव्हा आवडूनं पदर खोचला, शिळेच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाळंतिणीला म्हणते तसंच म्हणाली, "जोर कर, बाये! आली बघ, आली! आणखी एक कळ!"

गाव ओरडलं, "जोर कर!" आणि असं म्हणतात, शिळा पोर सुटावं तशी सरकली आणि खांबांवर जाऊन निजली.

मग ढग सुटले. आषाढात पऱ्ह्या दुथडी भरला, आणि पलीकडून हाक आली, "आवडूआये, बयोला कळा लागल्या!" आवडू साकवावरून चालत गेली. डोकं चिंब, पाय कोरडे. बयोला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

गावानं तो राखून ठेवलेला नारळ आणला, बघतात तर त्याला हा एवढा कोंब! फोडणार कसा? तो साकवाच्या टोकाला लावला. तिथला माड त्याचाच.

तेव्हापासून आमच्या गावात कामाच्या सुरुवातीला नारळ फुटत नाही, तो काम पुरं झाल्यावरच फुटतो. तोवर आढ्याला टांगलेला असतो, आणि ज्याच्या घरी त्याला कोंब येतो त्याला सगळं गाव हसतं. बारशाच्या दिवशी बाप साकवाच्या काठाशी एक चिरा ठेवतो, आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई ते पोर कसं जन्मलं ते मोठ्यानं सांगते. आणि कुणाचं काम अडलं, घर असो की विहीर, की बायका कामाशी जाऊन उभ्या राहतात, पदर खोचतात आणि ओरडतात, "जोर कर, बाये! आली बघ, आली!"