शेणाच्या गोळीची शर्यत

फार पूर्वी जनावरं दरसाल सामने भरवत, तेव्हाची गोष्ट. रेटू नावाचा शेणकिडा पंच सांबराकडे गेला. म्हणाला, "गोळी ढकलायचा खेळही ठेवा."

सांबर हसलं. "अरे, ते तुझं पोटापाण्याचं काम. त्याला खेळ कोण म्हणेल?"

"हरीणही पळतं ते जीव वाचवायलाच ना?"

पण सांबर ऐकेना. रेटूच्या मनाला लागलं, तरी तो हटला नाही. त्याने शेजारच्या भोवरी नावाच्या शेणकिडीला बोलावलं. दोघांनी सारख्या गोळ्या वळल्या आणि टेकाडाच्या माथ्यावर रेघ ओढली.

"रेघ आधी ओलांडेल तो जिंकला," रेटू म्हणाला. "दुसऱ्याच्या गोळीला पाय लावला तर बाद. आणि हरल्यावर रुसायचं नाही."

दोघं पायथ्यापासून सुटली. चढावर रेटूची गोळी निसटली आणि त्याला घेऊनच गडगडत खाली आली. तो उठून पुन्हा भिडला. "रेट, रेटू!" कुणीतरी ओरडलं. बघता बघता सगळं जंगल रेघेभोवती जमलं. रेटूने भोवरीला गाठलं, पण शेवटी केसभराने तीच जिंकली.

धापा टाकत रेटू हसला. "शाब्बास गं! उद्या पुन्हा खेळू?"

"उद्या कशाला? आत्ताच!" गर्दी गरजली. त्यात सर्वांत मोठा आवाज सांबराचा होता.