जांभळ्या कपड्यामागचं चित्र

"माझ्या चित्रात कमी काय आहे, फादर?"

फादर लिगोर अंगणातली पानं झाडत होते. खराटा न थांबवता म्हणाले, "काही नाही."

"मग माझं कपाटामागं का? आणि कैतानचं भिंतीवर का?"

"खिळा एकच आहे."

आता याला काय उत्तर म्हणायचं? बस्त्यावच्या अंगाचा तिळपापड झाला.

वसईतलं ते प्रार्थनाघर एका खोलीचंच. रोज सकाळी पंधरा-वीस माणसं चटयांवर बसत. फादरांची शिकवण साधी. समोर एक चित्र. आधी ते सगळं पाहायचं. मग नजर जिथं अडेल तिथं थांबायचं, आणि तिथूनच प्रभूशी बोलायला लागायचं. बोलणं संपलं की गप्प बसायचं. बस्स.

यंदा फादरांनी दोघांना एकाच मापाच्या फळ्या दिल्या आणि प्रसंगही एकच सांगितला. प्रभू आपल्या शिष्याचे, पेत्राचे पाय धुतोय.

बस्त्याव मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकलेला. त्यानं सहा महिने घाम गाळला. आणि कैतान कोण? होड्यांवर नावं रंगवणारा! त्यानं उरल्यासुरल्या ऑइलपेंटात आठवड्याभरात काम उरकलं. प्रभूच्या पुढ्यात चक्क घरातलं पितळी घंगाळं, आणि पेत्राचा अंगठा वाकडा. तरी भिंतीवर लागलं ते कैतानचंच.

"तुझी नजर कुठं अडते?" फादरांनी विचारलं.

"अंगठ्यावर. वाकडाय तो."

"मग तिथूनच सुरू कर."

"वाकड्या अंगठ्यावरून काय प्रार्थना करू, फादर?"

"वाकडा आहे म्हणून सांग त्याला."

बस्त्यावनं महिनाभर प्रभूला तेच सांगितलं. प्रभूला सांगून भागेना, तेव्हा शेजारच्या चटईला सांगितलं, मग दारातल्या चपला घालता घालता सगळ्यांनाच सांगितलं. कैतानच्याही कानावर गेलं. तो नुसता "हो का?" म्हणाला आणि विडी पेटवून निघून गेला.

पण खरं दुखणं अंगठ्याचं नव्हतंच. खरं दुखणं होतं जसिंताबायचं.

सत्तरीची ही बाई. बाजारात भाजी विकायची आणि टोपली दाराशी ठेवून प्रार्थनेला बसायची. त्या घंगाळ्यासमोर बसली की तिचे डोळे भरून यायचे. पदरानं पुसायची, पुन्हा भरायचे. बस्त्यावला ते बघवत नसे. ते रडू आपल्या चित्रासमोर यायला हवं होतं, कैताननं ते पळवलं, असं त्याला वाटे. हसू नका, अगदी मनापासून वाटे.

ईस्टरला दोन आठवडे राहिले. रीतीप्रमाणे देवळातले क्रूस, मूर्ती, तसबिरी जांभळ्या कपड्यांनी झाकल्या गेल्या. प्रार्थनाघरातलं चित्रही झाकलं. बस्त्यावला हायसं वाटलं. चला, दोन आठवडे तरी त्या अंगठ्यापासून सुटका!

कसली सुटका आणि कसलं काय. माणसं येऊन त्या कपड्यासमोर तशीच बसली. आणि जसिंताबाय? ती आधीपेक्षा जास्तच रडायला लागली.

पाचव्या दिवशी बस्त्यावला राहवलं नाही. त्यानं तिला दारातच गाठलं.

"बाय, नुसत्या कपड्याकडं बघून रडता कशाला?"

"काय सांगू बाळा… चित्र होतं तेव्हा पेत्राचे पाय दिसायचे. आता वाटतं, त्यानं माझेच पाय हातात धरलेत." तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "भेगा पडल्यात रे नुसत्या. लाज वाटते."

ती टोपली उचलून गेली. बस्त्याव तरातरा आत आला.

"फादर, झाकलेलं चित्रसुद्धा रडवतं तिला! असं काय सोनं लावलंय त्या होडीवाल्यानं?"

"बघ की."

"आता? ईस्टरच्या आधी?"

"आपण दोघंच आहोत. कोपरा उचल."

बस्त्यावनं कोपरा उचलला…

घंगाळं नव्हतं. अंगठा सरळ होता. सरळ, रेखीव, नखावरच्या उजेडासकट. सहा महिने ज्याच्यावर घाम गाळला होता, तो त्यानं स्वतः रंगवलेला अंगठा.

कपडा त्याच्या हातातून सुटला.

"हे… हे माझं आहे."

"हो."

"कधीपासून?"

"झाकलं त्या दिवसापासून. कैतान त्याचं घरी घेऊन गेला. 'बस्त्याव म्हणतो अंगठा वाकडाय, तो शिकलेला माणूस, खरंच असेल, नीट करून आणतो,' म्हणाला. खिळा रिकामा नको म्हणून तुझं त्यानंच कपाटामागून काढलं, पुसलं आणि लावलं."

पाच दिवस बस्त्याव स्वतःच्याच चित्रावर जळत होता! कान तापले. कैतानची क्षमा मागायला आत्ता उठून बंदरावर जावं, असंही मनात आलं.

आलं, आणि तसंच विरलं. कारण तेवढ्यात दुसरंच मनात आलं, आणि त्यानं तो आतून फुलून गेला. म्हणजे जसिंताबाय रडली ती माझ्या चित्रासमोर!

"फादर, हा कपडा… ईस्टरपर्यंत असाच राहणार?"

"रीत आहे."

"पण लोकांना निदान सांगू या ना. आत कुणाचं आहे ते. सगळ्यांना नको तर नको… जसिंताबायला तरी?"

फादर उठले, कपड्याच्या चुण्या सारख्या केल्या. मग एक चटई झटकली आणि कपड्यासमोर पसरली.

"बस."

बस्त्याव बसला. समोर नुसता जांभळा कपडा. बाहेर कुणीतरी विहिरीवर कळशी भरत होतं. भरून झाली, माणूस निघूनही गेलं.

"काय दिसतं?" फादरांनी विचारलं.

"माझं चित्र, फादर!" बस्त्यावचा आवाज भरून आला होता. "अगदी स्पष्ट. नखासकट."

फादरांनी मान हलवली.

"मग झाकायचं राहिलंय अजून."