फळीवरचं घर

फार फार पूर्वी, नदीच्या वळणावरच्या एका गावात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत. त्यांची एकुलती एक लेक तीन मुक्काम दूर दिलेली. तिला दिवस गेल्याचा निरोप आला आणि दोघांनी ठरवलं, घर विकायचं आणि लेकीच्या गावी जाऊन राहायचं. बाळंतपण मार्गशीर्षात होतं. म्हणजे कार्तिक सरायच्या आत गिऱ्हाईक मिळायला हवं.

गावची एक रीत होती. घर विकणाऱ्यानं फळीवर मजकूर लिहायचा आणि ती बाजारातल्या पिंपळाच्या पाराला टेकवून ठेवायची. दलाल म्हणाला, "मला मधे घ्या." म्हातारा म्हणाला, "माझं घर मीच विकीन." आणि त्यानं चुन्यानं लिहिलं, 'राजवाड्याला लाजवील असं घर.'

माणसांची रीघ लागली. लोक वाकून दारातून आत शिरत, इकडंतिकडं बघत.

"आजोबा, राजा शिकारीला गेलाय वाटतं," एक जण म्हणाला.

दुसऱ्यानं माजघराच्या भिंतीला हात लावला. "ही ओल नाही लिहिली ती?" असं म्हणून तो चालता झाला.

म्हातारी येईल त्याच्या हातावर गूळपाणी ठेवी. श्रावण गेला, भाद्रपद गेला. गुळाची ढेप संपत आली, पण घर काही कुणी घेईना. लेकीच्या काळजीनं तिला घास गोड लागेना.

एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून ती ओसरीवर टेकली.

"अहो, मी चातुर्मासात वांगी सोडली. तुम्ही फळीवरचं खोटं सोडा."

"खोटं कुठं गं? जरा फुगवून लिहिलंय इतकंच."

"पुरीसुद्धा फुगते. गार झाली की बसते."

म्हातारा हसला. "मग काय लिहू?"

"मी सांगते. चाळीस वर्षं या घरात माझे पाय फिरलेत."

म्हाताऱ्यानं पारावरची फळी घरी आणून पुसली. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. 'तीन खोल्यांचं कौलारू घर. दार बुटकं, वाकून यावं लागतं. ओसरीवर सकाळचं ऊन. आडाचं पाणी गोड, पण वैशाखात तळ गाठतं. माजघर भर उन्हाळ्यातही गार. पावसाळ्यात मात्र भिंतीला ओल धरते, तिथं पापड ठेवू नयेत. शेजारीण विरजण देते.'

ओलीपाशी म्हाताऱ्याचा हात थांबला होता. "हे वाचून कोण येणार?"

"ज्याला हे घर पुरेल, तो येईल."

पण कुणीच आलं नाही. नवरात्र झालं, दिवाळीही झाली. तुळशीला हळदकुंकू वाहताना म्हातारीचं मन डळमळू लागलं. माझंच तर चुकलं नाही ना, देवा?

तुळशीच्या लग्नानंतर एक दिवस दारात बैलगाडी थांबली. एक विणकर आणि त्याची बायको उतरली. विणकर ओसरीवर टेकलासुद्धा नाही. थेट माजघरात गेला आणि त्यानं भिंतीला तळवा लावला. म्हातारी लगबगीनं त्याच्या मागोमाग गेली.

"ओल धरते हो तिथं. लिहिलंय आम्ही."

"तेच वाचून आलो, आजी. आमच्या घरात उन्हाळा लागला की सूत कोरडं पडतं, तटातटा तुटतं. मागाला अशीच, भिंतीत ओल मुरणारी आणि उन्हाळ्यातही गार राहणारी जागा हवी. चार घरं पाहिली, जो तो म्हणतो, ओल नाही, ओल नाही."

त्याच दिवशी सौद्याची सुपारी फुटली. कार्तिकाचे आठ दिवस अजून बाकी होते.

निघायच्या वेळी म्हातारा पारावरून आणलेली फळी पुसायला लागला, तशी विणकराची बायको पुढं झाली. "राहू द्या, आजोबा. नव्या घराचं इतकं खरं आम्हाला पुन्हा कोण सांगणार?" तिनं ती फळी माजघरात टांगली.

गाडी गावाबाहेर वळली तेव्हा म्हातारीनं एकदा मागं पाहिलं. विणकराची बायको हातात वाटी घेऊन शेजारणीच्या दाराशी उभी होती, विरजण मागायला.

तात्पर्य: वाढवून सांगितलं तर बघे जमतात, खरं सांगितलं तर आपलं माणूस येतं. ते उशिरा आलं, तरी एकच पुरतं.