ड्रमआजोबांचा नातू

फार जुनी गोष्ट नाही, पण तेव्हा गाडीचे भाग आपसांत बोलत. चढावरच्या एका गॅरेजात कासममिस्त्रींनी छोट्या गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रमब्रेक काढून चकचकीत डिस्कब्रेक बसवले.

नवी डिस्क ऐटीत म्हणाली, "ड्रमआजोबा, पडा आता भंगारात! धावती गाडी मी चुटकीसरशी थांबवते."

"थांबवशील गं. पण उभी गाडी धरून कोण ठेवणार?"

"उभ्या गाडीला काय धरायचं!"

मिस्त्रींनी सवयीने हँडब्रेक ओढला, चाकाखालचा दगड काढला आणि ते चहाला गेले. हँडब्रेकची वायर आजवर ड्रमला जोडलेली असे. आता ती नुसतीच लोंबत होती. गाडी हळूच निघाली, थेट खाली मडकी विकणाऱ्या यमुनाबाईंनी रचलेल्या मडक्यांकडे.

"आजोबा, कुणी पायाने पेडल दाबल्याशिवाय मला जोरच येत नाही हो!" डिस्क रडकुंडीला आली.

ड्रमआजोबा गडगडत सुटले आणि चाकापुढे आडवे पडले. गाडी थांबली. वरचं मडकं डुललं, पण पडलं नाही.

धावत परत आलेल्या मिस्त्रींनी जीभ चावली आणि डिस्कच्या पोकळ पोटात हँडब्रेकसाठी एक छोटा ड्रमब्रेक बसवला.

"आजोबा, गुदगुल्या होतात!"

"फार हसू नकोस," आजोबा म्हणाले. "पोटात माझा नातू बसलाय."